समोरच्या घराचा कठडा

आई अमेरिकेत आमच्याकडे मॉरिसव्हिलला आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिने मला विचारलं, "इथे चढ कुठे आहे?"

आमच्याकडे चढ नाही. एक तळं आहे, त्याच्याभोवती सिमेंटची पायवाट आहे आणि बदकं आहेत. साताऱ्यात आई रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायची, सत्तरी उलटल्यावरसुद्धा. खाली येताना कुणाचे गुडघे गेले, कुणाची कंबर धरली, याच्या ताज्या बातम्या घेऊन यायची. गुडघेदुखीवाल्या बायकांची तिला दया यायची नाही, उलट रागच यायचा. "वापरलं नाही की गंजतं," म्हणायची. ती बाईविषयी बोलतेय की विळीविषयी, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

चढ नाही म्हटल्यावर ती हिरमुसली, पण तळ्याकाठी जायला लागली. आठवड्याच्या आत तिला तिथे जोडीदारीणही मिळाली. आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे माझी मैत्रीण राहायची. ती पुण्याची, तिचा नवरा नागपूरचा, दोघंही आयटीतले. त्या नवऱ्याची आई त्यांच्याकडे राहत होती. मी त्यांना काकू म्हणत असे. या काकू आणि माझी आई रोज सकाळी पंजाबी सूट, स्वेटर आणि कानटोपी अशा वेशात तळ्याला निघायच्या. साताऱ्याचा कंदी पेढा मोठा की नागपूरची संत्राबर्फी, यावर त्यांचं रोज भांडण व्हायचं. परत येताना त्या आमच्या फाटकाशी उभ्या राहून तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. आईला इतकं खूश मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दोघीही विधवा होत्या. आमच्या घरात कुणी फार मानतं असं नाही, पण बाबा गेल्यावर हळदीकुंकवाचं ताट आईपाशी आलं की पुढे सरकायचं, आणि आईही नजर दुसरीकडे वळवायची. एका शुक्रवारी ती समोरून आली तर कपाळावर ठसठशीत कुंकू. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "त्यांनी लावलं. म्हणाल्या, इथे कोण बघून राहिलंय? मग मीही त्यांना लावलं." संध्याकाळी तिने तोंड धुतलं ते कपाळ सोडून धुतलं. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दिवाळीत समोर फराळाला बोलावणं होतं. शनिवारची दुपार होती. मैत्रिणीने पोर्चभर रांगोळी काढली होती, तीही अशी हौसेने की दारापासून पायरीपर्यंत जायला एका कडेने वीतभर जागा तेवढी उरली होती. त्या जागेत आलेल्या सगळ्यांच्या चपला-बुटांचा ढीग. पोर्चला लाकडाच्या पायऱ्या आणि कडेला पांढऱ्या रंगाचा लाकडी कठडा. आपल्याकडे चार माणसं जमली की निरोप दारात अर्धा तास चालतो. मी स्वयंपाकघरात चकल्यांचा डबा भरून घेत होते आणि मैत्रीण "अजून घे ना यार" म्हणत होती. आईला दारातला अर्धा तास कधी झेपला नाही. "मी पुढे होते," म्हणाली. काकू तिला सोडायला दाराशी गेल्या, जाताना कुंकवाचा करंडा घेऊन गेल्या. थोड्या वेळाने किंकाळी ऐकू आली. किंकाळी काकूंची होती. आई ओरडली नव्हती.

आई पायऱ्यांच्या खाली आडवी पडली होती. एक पाय विचित्र वळला होता. अँब्युलन्समधून आलेल्या तरुणाने तिच्या कपाळावर लाल पाहिलं आणि डोक्याला मार लागलाय असं समजून तो कापसाने पुसायला लागला. इतका वेळ दात आवळून गप्प असलेली आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "पुसू नका हो," म्हणाली. त्या बिचाऱ्याला काय कळणार. त्याने पुसलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सर्जन म्हणाले, हाड आम्ही बसवलं, आता पायाला चालायला शिकवावं लागेल. त्यासाठी वेगळं केंद्र असतं, तिथे काही आठवडे राहायचं, रोज व्यायाम करून घेतात. हे आत्ता झालं तर त्या पुन्हा चालतील, उशीर झाला तर मी काही सांगू शकत नाही. अगदी साध्या शब्दांत सांगितलं त्यांनी. आईनेही ते ऐकलं आणि मला म्हणाली, "म्हणजे किल्ला चढता येईल का विचार." मी विचारलं. ते हसून म्हणाले, प्रयत्न करू.

इथे गोष्ट विम्यापाशी येते. मला विम्याचा आधी कंटाळा होता, आता संताप आहे. आई येताना आम्ही तिचा पाहुण्यांसाठीचा विमा काढला होता. नाव मोठं, लक्षण खोटं. वर एक भलामोठा आकडा आणि आत खोलीला वेगळी मर्यादा, भुलीच्या डॉक्टरला वेगळी, व्यायामाला तर जवळजवळ नाहीच. ऑपरेशनमध्येच तो आटोपला. आम्ही म्हणालो, केंद्राचे पैसे आम्ही भरतो. आईने खर्च विचारला, तोंडी रुपये केले आणि मान हलवली. "लेकीच्या पैशांनी मला पाय नको." मी रडले, चिडले, नवऱ्याने समजावलं. काही उपयोग झाला नाही. लेकीच्या घरी महिनोन्महिने राहायला तिला चालत होतं, त्याबद्दल ती रोज पोळ्या लाटून फेड करत होती. हे मात्र फेडता येण्यासारखं नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाली, "कंपनी देत असेल तर जाईन."

कंपनी म्हणजे समोरच्यांच्या घराची विमा कंपनी. त्याआधीच मैत्रीण स्वतः हॉस्पिटलमध्ये येऊन म्हणाली होती, "आमचा होमओनर्स इन्शुरन्स आहे ना, त्याच्यावर क्लेम करा. त्याच्यासाठीच तर भरतो आपण दरवर्षी." पॉलिसी नंबर तिने मला आपणहून पाठवला. मी तिच्या गळ्यात पडले. तिच्याविषयी माझ्या मनात आजही वाकडं काही नाही.

घराच्या विम्याला दोन कप्पे असतात हे मला तेव्हा कळलं. पहिला लहान. तुमच्या घरी कुणी पडलं तर चूक कुणाची हे न विचारता औषधपाण्याला पैसे देतात, पण त्याची मर्यादा एवढीशी की ती अँब्युलन्स आणि पहिल्या तपासण्यांतच संपली. दुसरा कप्पा मोठा. त्याच्या मर्यादेत आईचं केंद्र बसलं असतं, घरी येणारी नर्स बसली असती, वर उरलंही असतं. मात्र तो उघडतो घरमालकाची चूक असली तरच. आणि आमच्या नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा असा की पडणाऱ्याची स्वतःची तीळभर जरी चूक निघाली, तरी त्याला या कप्प्यातून काही मिळत नाही. शेजारच्या बहुतेक राज्यांत चुकीची वाटणी करतात, तेवढे पैसे कापतात. आमच्याकडे सगळं किंवा शून्य. हे मला एका वकिलाने फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाला, आईला कंपनीच्या माणसाशी आत्ता बोलू देऊच नका. पण कंपनी म्हणत होती की बोलणं झाल्याशिवाय काही पुढे सरकणार नाही, आणि सर्जनचं "आत्ता" माझ्या डोक्यात वाजत होतं. तेव्हा वकील म्हणाला, मग निदान चुकीबद्दल त्यांनी अवाक्षर काढू नये.

मला धडकी भरली, कारण मी माझ्या आईला ओळखत होते. कुणी तिच्या पायावर पाय दिला तर "माझंच चुकलं" ती म्हणणार. भाजीवाल्याने सडके टोमॅटो घातले, माझंच चुकलं, बघून घ्यायला हवे होते. सगळ्या आळीचं ऐकून घ्यायचं आणि मला मात्र "भीड भिकेची बहीण" म्हणून शिकवायचं. मी तिच्या पलंगाशी बसून तिची तालीम घेतली. "आई, 'माझंच चुकलं' म्हणायचं नाही. काय म्हणायचं नाही?" ती शहाण्या मुलीसारखी म्हणून दाखवायची. मी हेही सांगितलं की हे पैसे समोरच्यांच्या खिशातून जाणार नाहीत. कंपनी देणार, मर्यादेपर्यंत कंपनीच देणार, यांच्या घराला, नोकरीला, कशाला धक्का नाही. "एवढं कळतं मला," ती म्हणाली. तिला खरंच कळलं होतं. हेच मला अजून सोसत नाही.

त्याच आठवड्यात काकूंच्या मुलाची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी जाते तेव्हा काय होतं ते इथे प्रत्येकाला माहीत आहे. दुसरी शोधायला थोडी मुदत मिळते, नाहीतर गाशा गुंडाळायचा. दुसऱ्या दिवशी काकू आईला बघायला आल्या. आई तोवर आमच्या घरी आली होती, खालच्या खोलीत तिचा पलंग लावला होता. काकूंनी वाटीत गुरगुट्या भात आणि वर तूप आणलं होतं. "दार लोटते हं थोडं," त्या मला म्हणाल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या डोळे पुसत. मला वाटलं, मुलाच्या नोकरीचं दुःख. मी त्यांना चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. आत आईने भात संपवला होता आणि ती भिंतीकडे बघत होती.

मग तो फोन आला. कंपनीचा चौकशी करणारा माणूस एका बाजूला, त्यांनी जोडून दिलेली मराठी दुभाषी दुसऱ्या बाजूला, मधे आमच्या पलंगावर स्पीकर लावलेला माझा फोन. माणूस सभ्य होता. बोलणं रेकॉर्ड होतंय हे त्याने आधीच सांगितलं. दुभाषी बाईचा आवाज मऊ होता, कोकणाकडची असावी. नाव, वय, किती वाजता निघालात, असं सगळं झालं. आई नीट उत्तरं देत होती. मला धीर आला.

"कठड्याला हात धरला होता का?" त्याने विचारलं, तिने मराठीत विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "हात लावलाच नाही. रांगोळीवर पाय कसा देणार? म्हणून कडेने गेले. तिथे चपला होत्या."

"चपला तुम्हाला दिसत होत्या का?"

"दिसत होत्या की. दिसत असून गेले. माझंच चुकलं."

मी उठून उभी राहिले. दुभाषीने ते लगेच इंग्रजीत केलं नाही. तिच्या घरीही असंच बोलणारी कुणीतरी असणार. आधी ती त्या माणसाला म्हणाली की मला उत्तर नीट ऐकू आलं नाही, पुन्हा विचारते. मग आईला म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा सांगाल का? घाई नाही. नीट आठवून सांगा."

परक्या बाईने एवढी संधी दिली. मी आईसमोर हात हलवत होते, मानेने नाही नाही करत होते. आईने माझ्याकडे पाहिलं, सरळ पाहिलं आणि फोनकडे वाकून म्हणाली, "चूक माझी आहे बाई. त्यांची काही नाही. लिहून घ्या."

मग दुभाषीला ते सांगावंच लागलं.

पुढच्या आठवड्यात नकार आला. मोठा कप्पा बंद. मी आईवर ओरडले. तिच्यावर इतकी मी आयुष्यात ओरडले नव्हते. "एवढं समजावलं, एवढं समजावलं, तुला पुन्हा चालायचं नाही का? किल्ला नको का तुला?" ती म्हणाली, "जे झालं ते सांगितलं. खोटं कशाला बोलू?" खरं बोलणाऱ्या आईला मी काय बोलणार?

केंद्रात ती गेलीच नाही. मी व्हिडिओ बघून व्यायाम करून घ्यायचे, ती सोसायची, पण माझा हात भीतभीतच चालायचा. तिला दुखलं की मी थांबायचे, आणि थांबायचं नसतं. पाय आखडत गेला. काकू अधूनमधून यायच्या, आईच्या पायाला तेल लावून द्यायच्या, दोघी पेढा-बर्फीवर भांडायच्या नाहीत. शेवटी आम्ही आईला व्हीलचेअरमधून विमानात बसवलं. साताऱ्याचा तिचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून मामाने तिला आपल्या तळमजल्यावर नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेवर झालं असतं तर चालल्या असत्या. आता पलंगापासून न्हाणीपर्यंत, तेही धरून. मामाच्या त्या खोलीच्या खिडकीतून किल्ला दिसतो. मामाला वाटलं, तिला बरं वाटेल. पडदा लावून घे, असं ती त्याला पहिल्याच दिवशी म्हणाली.

समोरच्यांकडे माझं जाणं कमी झालं. मैत्रिणीला वाटलं असणार, मी तिला दोष देते. मी देत नव्हते, पण ती रांगोळीची जागा बघवत नव्हती. तिच्या नवऱ्याला मुदतीत नोकरी मिळाली नाही. तिच्या नोकरीवर थोडे दिवस निभावलं, मग ती नोकरीही गेली. घर विकलं आणि नागपूरला परत जायचं ठरलं.

निघायच्या सकाळी काकू रस्ता ओलांडून आल्या. बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "एक गोष्ट सांगायची राहिली, बाई. न सांगता गेले तर माझा जीव जायचा नाही."

कठडा तळाशी हलत होता. आठवडाभर आधीपासून त्यांना माहीत होतं. रविवारी करतो, असं मुलगा म्हणाला होता. दारात त्यांनी आईला कुंकू लावलं, आई हसत वळली, तिने कठडा घट्ट धरला, तो मुळातून डुगडुगला आणि ती गेली. रांगोळीवरून नाही, चपलांवरून नाही. हे फक्त काकूंनी पाहिलं होतं. गडबडीत कुणी कठड्याला हात लावला नाही, आणि मुलाने रविवारी कबूल केल्याप्रमाणे तो पक्का केला. त्यालाही आईने तो धरला होता हे ठाऊक नव्हतं.

"नोकरी गेली तशी मी घाबरले," काकू म्हणाल्या. "केस म्हणजे केस, मला काय ठाऊक बापा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वाटलं, पोरावर डाग लागला तर यांना हाकलून देतील. मी तुमच्या आईपुढे हात जोडले. कठड्याचं सांगू नका म्हटलं. त्या म्हणाल्या, नाही सांगणार."

मला त्या म्हाताऱ्या बाईला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. क्लेमचा आणि व्हिसाचा काडीचा संबंध नाही, हे मी त्यांना सांगितलं. अगदी हळू आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना. "हो का," एवढंच म्हणाल्या. मग पदर सावरून गाडीकडे गेल्या. मैत्रिणीने गाडीतून हात केला. मीही केला.

पुन्हा केस उघडायची का, असं नवऱ्याने विचारलं. पण आता कशासाठी? पैसे मिळालेही असते कदाचित. पायाची वेळ गेली होती.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दिवेलागण झाली होती. ती उशीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं. साताऱ्यात तिला कोण कुंकू लावणार? मी म्हटलं, "मला कठड्याचं कळलंय."

ती जराही दचकली नाही. "गेले का ते लोक?"

"गेले. आई, मी तुला सांगितलं होतं. त्यांचं काही जाणार नव्हतं. कंपनी देणार होती."

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "मी त्यांनाही सांगितलं. त्यांना पटेना. थरथरत होत्या गं. हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. आता जोडलेले हात तसेच ठेवायचे का?"

"आणि तुझा पाय?"

तिने पांघरूण पायावर ओढून घेतलं. मला खूप रडू आलं. तिच्या जागी मी असते तर मी काकूंना समजावलं असतं, कागद दाखवला असता, वकिलाला फोन लावून दिला असता, आणि चालत राहिले असते. आईला हे कधीच जमलं नसतं. मला तिचा राग येत होता आणि तिला कुशीत घ्यावंसं वाटत होतं, आणि मधे अख्खा समुद्र.

ती माझं रडू थांबायची वाट बघत राहिली. मग म्हणाली, "आता तिथे नवीन माणसं येतील. त्यांना सांगशील ना? तो कठडा तळाशी हलतो. चढताना धरू नका म्हणावं."

मी फोन हातात घेऊन तशीच रस्ता ओलांडला. समोरच्या घराला पडदे नव्हते. मी पायरीवर उभी राहून कठड्याला दोन्ही हातांनी धरलं, हलवलं, सगळा जोर लावून हलवलं. तो जागचा हलला नाही.

"घट्ट आहे, आई," मी म्हटलं. "दुरुस्त केलाय."

"बरं झालं," ती म्हणाली. "कुणी पडायला नको."